अंबूबाई नळ

फोन म्हणाला, जागा संपली.
एप्रिलची दुपार, वीज नाही म्हणून टॉवेलचे माग बंद,
मी फरशीवर ओला पंचा टाकून बसले
आणि सात वर्षांचं ईमेल उघडलं.

एकोणीस हजार तीनशे बारा, न वाचलेले.
मुलगा पुण्याहून म्हणाला,
सगळं सिलेक्ट कर, उडव, त्यात काही नसतं आई.
नसेल.
पण शेंगा फोडतानासुद्धा
किडकी कुठली ते बोटाला कळावं लागतं.

आधी बँक काढली.
प्रिय ग्राहक, प्रिय ग्राहक, दर पाच तारखेला.
ह्यांनी मला प्रिय म्हटलं ते एकदाच,
लग्नाआधी, इनलँडवर, तेलुगूत.
मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही.
बहिणीनं वाचून दाखवलं, हसत हसत,
अर्धं तिनं पदरचं घातलं असणार.
ते पत्र कुठं गेलं कोण जाणे.
कागदात शोधायला वर पट्टी नसते.

मग ओटीपी.
कुणालाही सांगू नका अशी शपथ घातलेले सहा-सहा आकडे,
दहा मिनिटांचं आयुष्य.
मी खरंच कुणाला सांगितले नाहीत.
आता सांगते: ४७१९०२.
काय उपयोग.

स्पॅममध्ये नागपूरची एक बाई सापडली.
शेठनी चौकशीसाठी माझाच पत्ता छापला होता कधीतरी.
दोन सिंगल, एक डबल, मोराची नक्षी, लवकर कळवा.
तीन वर्षं झाली.
लवकर कळवलं:
बाई, तो माग भंगारात गेला, मोरही गेला.
टॉवेल आहेत, पांढरे.

चार वाजता मेसेजकडं वळले.
नावं मीच ठेवलेली,
इरण्णा गॅस, रेणुका ब्लाउज, सिद्राम भंगार,
ज्याचं जे काम तेच आडनाव.
आणि अंबूबाई नळ.

पाणी आलं.
पाणी आलं.
पहाटे ३:४०, पाणी आलं.
पाच दिवसांनी, पाणी आलं.
सहा दिवसांनी, रात्री सव्वा, आलं गं ऊठ.
एकदा: आज नाही, झोप.
एकदा: पानी आलं. अंधारात ण सापडला नसेल.

दोनशे चौदा.
खरं तर हेच आधी उडवायचे.
भरलं, वापरलं, मोरीतून गेलं ते पाणी,
त्याची वर्दी कशाला जपायची?

शेवटचा परवाच्या साली, गड्ड्याच्या जत्रेतला.
त्यानंतर मोटरीवरून भांडण.
तिनं नळाला थेट मोटर लावली,
मी महापालिकेत अर्ज केला.
तोही आहे, पाठवलेल्यांत,
माझ्या हिशेबी मराठीत: सदर महिला.
सदर महिला!
जिनं मला दोनशे तेरा वेळा उठवलं
आणि एकदा झोपू दिलं.

तेव्हापासून गजर लावते.
गजराला काय कळतंय,
पाणी नसलं तरी वाजतोय.

अर्ज उडवला.
फोननं विचारलं, नक्की? म्हटलं, होय की.
महापालिकेत तो असेलच अजून,
त्यांच्या न वाचलेल्यांत,
तिथवर माझा अंगठा पोचत नाही.
दोनशे चौदा तसेच ठेवले.
मुलाला सांगितलं, सगळं साफ केलं.

रात्री तीनला नळानं आधी नुसती हवा सोडली,
खाकरला, मग धार.
भिंतीपलीकडं दिवा नव्हता.
घागर लावली.
ओल्या अंगठ्याला फोन उघडेना,
पदराला पुसला, पुन्हा लावला.
पाणी आलं, लिहिलं. ण लगेच सापडला.
पाठवलं.

घागर भरून वाहत होती,
ती उचलून बाजूला करतेय
तोवर पलीकडं मोटर सुरू झाली
आणि माझी धार
करंगळीएवढी झाली.