छाट

नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
म्हणून मुहूर्तही त्याच दिवसाचा.
पहाटे चारला उठले.
एप्रिलात विडी घरकुलात आठ वाजले
की पत्रा कडकड बोलायला लागतो,
नऊला चरबी बोटांवर तेल होते,
मग अंबादास म्हणतो, अम्मा, सगळं गेलं समज.

अंबादास गोव्याला हॉटेलात आधी भांडी घासायचा,
आता सॉसेज भरतो.
फोन पिठाच्या डब्याला टेकवला,
तिकडं तो, कामावर जायच्या आधी, न विंचरलेला,
इकडं मी.
सूप आज खुंटीला. मांडी मोकळी,
तिला कळेना काय करायचं,
म्हणून तिच्यावर परात ठेवली.

शफीउद्दीननं आतडं फुकट दिलं.
"चाची, याचं करणार काय?"
रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलेलं,
सकाळी त्याचं एक तोंड नळाला धरलं
आणि चावी सोडली:
बया, केवढं लांब!
उंबऱ्यापासून पोशव्वाच्या तुळशीपर्यंत,
आतून पाणी पळताना दिसायचं,
पोशव्वाची नात टाळ्या वाजवत त्याच्यामागं.

एक किलो मटण, पाव किलो चरबी,
खिमा शफीउद्दीनकडूनच, जाडसर.
मीठ चार चमचे, सपाट. लसूण. काळं तिखट.
वर मूठभर शेंगाचटणी टाकली तर फोनमधून ओरडला,
"सॉसेजात शेंगा कोण घालतं, अम्मा?"
मी घालते.
बर्फाचा चुरा टाकून मळत राहिले,
बोटं बधिर, कोपरापर्यंत कळ,
गोळा तळहाताला धरून हात उलटा केला,
पडला नाही.
"आता झालं," तो म्हणाला. मला आधीच कळलं होतं.
चिमटीएवढी टिक्की तव्यावर टाकून चाखली.
मीठ बरोबर. तिखट, त्याच्या मानानं, जास्त.

नरसाळ्याच्या नळीवर आतडं चढवलं,
पायमोजा गोळा करून घालतात तसं.
"घट्ट भरू नको हं."
मला सांगतोस?
तीस वर्षं पानात तंबाखू भरते मी.
घट्ट भरली की विडी ओढत नाही,
सैल भरली की विझते,
मधलं जे आहे ते डोळ्याला दिसत नाही,
अंगठ्याला कळतं.

तरी पहिला फुटला.
दुसराही.
तोंडातून आपोआप निघालं, छाट.

कारखान्यात चेकर कट्टे सोडतो,
चिमटीत एकेक दाबतो, बाजूला टाकतो,
हजारातल्या साठ, कधी ऐंशी,
वर बघतसुद्धा नाही.
छाट त्याच्याकडंच राहते,
मजुरी माझ्याकडून जाते.
पान माझ्या बोटांनी वळलेलं,
माझ्याच दोऱ्यानं बांधलेलं,
ते कुठं जातं, कोण ओढतं,
कधी विचारलं नाही.

तिसऱ्याला अंगठ्याला कळलं.
हवेचा फुगा दिसला तिथं सुई टोचली,
वीतभरावर पीळ, एक इकडं, पुढचा तिकडं,
विडीच्याच दोऱ्यानं गाठ.
अंबादास गप्प झाला होता.
मग म्हणाला, "आमच्या शेफला एवढं जमत नाही."
मी म्हटलं, त्याला महिन्याला किती देतात?
हसला. सांगितलं नाही.

एकोणीस झाले. कट्टा पंचविसाचा,
सहा कमी पडले.

तव्यात आधी थोडं पाणी, आच मंद.
"घाई केलीस तर कातडं तडकेल."
पाणी आटलं, मग आपल्याच चरबीत
हळूहळू तांबूस, बाजू पालटत.
फुटक्यांतला खिमा शेजारीच परतला,
छाट म्हणून काही उरलंच नाही.
फोन तव्याजवळ नेला, ऐक म्हटलं.
तो ऐकत होता. मागून कुणीतरी हाक मारली
आणि फोन बंद झाला.

पोशव्वा नातीला घेऊन दारात उभी, जर्मनची ताटली घेऊन.
तिला चार दिले. फुटका खिमा नातीला, भाकरीवर.
लूमवरून रात्रपाळी करून येणाऱ्याला झाकून ठेवले.

मी पहिला घेतला तो न फुटलेला.
चांगला. सरळ. दोन्हीकडं गाठ असलेला.
चावला तेव्हा टच्‌ आवाज झाला
आणि रस हनुवटीवरून मनगटापर्यंत गेला,
पुसला नाही.