त्याच पानावर

शेवंती माजिकचा फोन नऊच्या आधी आला
म्हणजे वाळपईची बस चुकलेली असणार.
‘बाये, हांव परत भायर पडलें गो.’

बाहेर म्हणजे इंग्रजी मुखपृष्ठावर,
जिथे हसऱ्या डॉक्टरचा फोटो आहे
आणि तिच्या नवऱ्याच्या डायलिसिसची वेळ नाही.
ती मराठीतून आत शिरली होती,
‘वेळापत्रक’ या शब्दावर बोट टेकवलं होतं.
मीच लिहिलेला शब्द, गेल्या श्रावणात.
शब्द माझा, पण त्याच्या पाठीमागचा रस्ता
मी कधी चालून पाहिला नव्हता.

डिचोलीत बेकरीच्या माडीवर आमचं ऑफिस.
खालून पोईचा वास,
वर दोन टेबलं, एक पंखा, मी आणि फ्लावियो.
मी भाषांतर करते, तो दुवे जोडतो.
‘पान नाही सापडलं की इंग्रजीकडे पाठवायचं,
असं ठरलंय.’
कोणी ठरवलं?
फ्लावियोने खांदे उडवले.
कोणी नाही. आपोआप ठरतं ते.

माझे वडील दिवाडीला पोस्टमन होते.
फेरीतून सायकल ढकलत उतरायचे,
थैलीत लिस्बनची, कुवेतची, मिरजेची पत्रं.
एकावर पोर्तुगीज पत्ता, एकावर रोमी कोकणी,
एकावर कुणा मास्तराचं टपोरं मराठी.
अक्षर लागलं नाही म्हणून
एकही पत्र त्यांनी पणजीच्या मोठ्या टपालात परत टाकलं नाही.
विचारत जायचे. पाद्रीला, भटाला, तावेर्नातल्या बाकावर.
आणि माणूसच नसला तर पाकिटावर लिहायचे,
‘घर बंद. मुलगी म्हापशाला असते.’
नुसतं ‘नाही’
त्यांनी कुठल्याच पाकिटावर लिहिलं नाही.

हे फ्लावियोला सांगितलं.
त्याने पोई चहात बुडवली, विचार करत बुडवली,
अर्धी चहातच राहिली.

मग दुपारभर आम्ही एकेक दुवा चालून पाहिला.
मराठीतून निघालेला मराठीत पोचतो का.
मध्येच भाषा बदलली तर
माणूस होता त्याच पानावर राहतो का,
की पुन्हा फाटकापासून सुरुवात.
दिवाडीहून फेरीत चढलेला
समोरच्या धक्क्यावर उतरतो;
वास्को मोठं आहे म्हणून
त्याला कोणी वास्कोला नेऊन सोडत नाही.

झेंडे काढून टाकले.
इंग्रजीला होता, पोर्तुगीजला होता,
कोकणीला फ्लावियोने माड लावला होता,
मराठीला काही सुचलंच नव्हतं त्याला.
आता ज्या त्या भाषेचं नाव तिच्याच अक्षरात.
कोकणीचं दोनदा, नागरीत नि रोमीत,
एकाच माडीचे दोन जिने, कुठलाही चढा.

‘येथे क्लिक करा’ मी बावीस ठिकाणी लिहिलं होतं.
येथे म्हणजे कुठे, माझं मलाच कळेना.
पायलटच्या मागे बसण्याआधी
आपण विचारतोच ना, कुठे नेतोस?
खोडलं. लिहिलं, ‘सोमवारच्या पाळीची यादी’.

अकरा पानं मराठीत नव्हतीच.
माझ्याकडूनच राहिलेली. दोष रस्त्याचा नव्हता.
तिथे पाटी लावली:
‘हे पान मराठीत अजून झालेलं नाही. इंग्रजीत आहे.
बघायचं तर बघा, परतीची वाट इथेच आहे.’
‘अजून’ फ्लावियोला नको होता, जागा खातो म्हणाला.
मी ठेवला.

संध्याकाळी शेवंतीला आपणहून फोन केला.
‘वेळ मेळ्ळो,’ ती म्हणाली, ‘सकाळचे स.
पूण त्या वेळार बस ना गो.’

बसचं पान आमच्याकडे नाही.
खाली बेकरीचं शटर पडलं,
फ्लावियो हेल्मेट घेऊन उभा होता,
आणि मी अजून बघत होते
त्या जागी काय लिहावं.