वगळलेल्या

व्हिनेगर लावल्यावर साठ सेकंद थांबायचं.
घाई केली तर पांढरा डाग उमटत नाही,
आणि फार रेंगाळलं तर विरूनही जातो.
उर्वी हळर्णकरला एवढं शिकवायला
मला बांबोळीतली एक अख्खी सकाळ लागली.
ती बाटली हुंगून म्हणाली,
"मॅडम, आमच्या शेजारच्या एस्मेराल्दाबायकडे
ह्याच वासात बांगडा मुरत असतो."
मग घड्याळाकडे बघत राहिली,
टेबलावरच्या बाईचा हात धरून.
हात धरायचं मी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आकडे आले.
दोनशे बारा जणी, सगळ्या एचआयव्हीच्या गोळ्यांवर.
गोळ्यांनी त्यांना जगवलं,
आणि जगल्या म्हणून
गर्भाशयाच्या मुखाशी काही वाढायलाही सवड मिळाली.
हे वाक्य मी भाषणात नेहमी वापरते,
लोक माना डोलावतात.
दोनशे बारांतल्या चौतीस जणी
पुन्हा आल्याच नाहीत.

"वगळ," मी म्हटलं.
"तळटीप लिही. पुढे चल.
निबंध पाठवायला नऊ दिवस उरलेत,
ज्यांनी पैसे दिलेत त्यांना तक्ता हवा आहे."
ती "बरं" म्हणाली.
उर्वीच्या "बरं"चे दोन प्रकार आहेत,
हा दुसरा होता.

तिसऱ्या दिवशी ती कॅलेंडर घेऊन आली,
पतपेढीचं, तिथींचं, तेलाचे डाग पडलेलं.
म्हापशाचं आपलं तपासणी केंद्र
फक्त शुक्रवारी उघडतं.
"कारण शुक्रवारी गाडी मिळते," मी म्हणाले.
"आणि शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो," ती म्हणाली.
"माझी आई पहाटे चारला
हरमलच्या मिरच्यांचं पोतं घेऊन पेडण्याहून निघते.
सुट्टी म्हणून नाही,
पण त्या दिवशी तुम्ही तिला बोलावलंत
तर मीसुद्धा तिला जा म्हणणार नाही."

पिएदादने फोन लावले, एकेकीला, आडवेळी,
नवरा किंवा सासू घरी नसेल असं बघून,
आणि केंद्राचं नावही न घेता.
एकोणीस जणी बाजारातल्या निघाल्या:
केळी, चवळी, मातीची भांडी,
एक तर केंद्राच्या भिंतीलाच टेकून
अबोलीचे गजरे विकायची.
आठ गाव सोडून गेल्या होत्या.
पाचांचे नंबर बंद.
दोघी वारल्या होत्या. त्यातली एक
ज्या आजाराचा आम्ही तक्ता करत होतो त्यानेच.
पिएदादने ते सांगितलं आणि चष्मा पुसत बसली.

त्या संध्याकाळी माझ्या टेबलावर
माझाच जुना निबंध होता,
पंधरा वर्षांपूर्वीचा, ज्याच्यावर मी मोठी झाले.
चौथ्या पानावर कागदाची चिठ्ठी खोचलेली,
त्यावर काहीही लिहिलेलं नाही.
तळटीप तीन: नऊ स्त्रिया पाठपुराव्याअभावी वगळल्या.
वार लिहिण्याची तेव्हा पद्धत नव्हती.
मी जुनी डायरी काढून पाहिली,
मग ठेवून दिली,
मग परत काढली.

उर्वीला रागवावं असं क्षणभर वाटलं, हे खोटं नाही.
माझ्या गुरूंना मी असं काही दाखवलं असतं
तर त्यांनी खिडकीबाहेर बघून
पावसाची चौकशी केली असती.
मी दार उघडून तिला हाक मारली,
आणि पुढे काय बोलायचं ते सुचेना.
"नऊ जणींचे कागद तळघरात असतील," मी म्हटलं,
"वाळवीने सोडले असतील तर."
तिने चाव्या आधीच आणल्या होत्या.

आता केंद्र मंगळवारी उघडतं.
गाडी मिळत नाही, आम्ही कदंबाने जातो.
निबंध उशिरा गेला, एकदा परतही आला,
पहिलं नाव तिचं आहे.

परवा मंगिरीश म्हणून एक नवा मुलगा रुजू झाला,
सत्तरीतल्या कुठल्याशा गावचा, फार हुशार,
फार भराभर बोलणारा.
उर्वी त्याला साठ सेकंद मोजायला शिकवत होती.
त्याने रजिस्टर उघडून विचारलं,
"ह्या रिकाम्या रकान्यांचं काय करायचं?"
मी आत फाईल चाळत होते, कान बाहेर.
"आधी मला सांग," ती म्हणाली,
"त्या दिवशी वार कोणता होता?"