बॅगेचा वरचा कप्पा

बाबांच्या बॅगेला दोन कप्पे होते.
खालच्यात चिमटे, सुया, ईथरची बाटली;
वरच्यात जपमाळ,
आणि माझ्यासाठी पेपरमिंट.
गोळ्यांना ईथरचा वास लागलेला असे,
मण्यांनाही.

गास्पेझीचा किनारा. शालरची खाडी जानेवारीत गोठायची
आणि दारावर थाप पडायची ती रात्री दोनला,
जणू गावातल्या सगळ्या पोरांनी
जन्माला यायची वेळ आपसात ठरवून घेतलेली.
मी कंदील धरायची.
बर्फगाडीत बाबा जप करायचे, मोठ्याने नाही,
ओठांशी वाफ दिसायची,
तिच्यावरून मला कळायचं कुठल्या मण्यावर आलेत.
घर दिसलं की थांबायचे, मणी चिमटीत तसाच,
आणि परतताना पुढे सुरू.
'नमो मरिये'च्या अधेमधे
किती मुलं जन्मली, देव जाणे.

फी? सुकवलेला कॉड यायचा, बटाटे यायचे.
थिओफिल आर्सेनोने एकदा न बोलता
आमच्या छपराच्या फळ्या बदलून दिल्या.
आई हिशेबाच्या वहीत लिहायची: मासा. मासा. छप्पर.
खाली बेरीज करायची सोय नव्हती.

रोझ-एमे सीर आली ती राखेच्या बुधवारी,
कपाळावर डाग तसाच.
घरात नऊ, दहावं मातीत.
थोरली माझ्या वर्गात, नेहमी पेंगणारी.
दाराच्या फटीतून मी ऐकलं:
'डॉक्टर, त्या गोळ्या मिळतात म्हणे आता.'
स्टेथोस्कोप टेबलावर ठेवल्याचा आवाज.
'माझ्या हातून नाही होणार, रोझ-एमे.'
'मग कुणाच्या हातून?'

याचं उत्तर बाबांना पाठ होतं.
दर रविवारी दुपारी तेच तर आम्हा मुलांना शिकवायचे.
ते बोलले नाहीत.

ती खाडीपलीकडे गेली, बर्फावरून चालत,
इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरकडे,
ज्याला तिची भाषा येत नव्हती
आणि तिला त्याची नको होती.
गावात बभ्रा झाला.
पाद्रीबाबा आमच्याकडे जेवायला आले, म्हणाले,
'तुम्ही शब्दाला जागलात, आन्सेल्म.'
त्या रात्री बाबांनी ताट अर्धं टाकलं.
मी त्यांना अन्न टाकताना
तेवढंच एकदा पाहिलंय.

पुढे बाकं रिकामी होत गेली.
आधी तरुण, मग त्यांच्या आया.
मी मॉन्ट्रियलला गेले, मिस्सा सोडली
आणि तसं पत्रात कळवलं, जरा ऐटीतच.
उत्तर आलं: बर्फ यंदा उशिरा फुटला.
लोबोंच्या घरी जुळं झालं.
रोज तुझ्या नावाने दहा मणी, चालतील ना?
मला राग आला.
चालतील ना, काय?
नको म्हणायलासुद्धा जागा ठेवली होती त्या माणसाने,
आणि मी ती वापरली नाही.

अंत्यविधीला रोझ-एमे आली, काठी टेकत.
पेटीपाशी बराच वेळ उभी होती.
मग माझ्याकडे वळून म्हणाली,
'माझ्या बाबतीत चुकला होता हा.
तोंडावर सांगितलं मी, दोनदा.'
'काय म्हणाले?'
'पहिल्यांदा काही नाही.
दुसऱ्यांदा म्हणाला, असेलही.
पण तरी देणार नाही, म्हणाला.
मग शनिवारी कुऱ्हाड घेऊन दारात उभा.
दर शनिवारी. अकरा वर्षं लाकडं फोडली माझी.
कुऱ्हाड धरायची अक्कल नव्हती मेल्याला,
नुसत्या ढलप्या व्हायच्या.'
ती हसली. मग हसू तसंच ठेवून रडली.
'क्षमा केलीस?' मी विचारलं.
'ढलप्या पेटतात लवकर,' ती म्हणाली,
आणि हातमोजे शोधू लागली.

बॅग आता माझ्याकडे आहे.
जपमाळ मी ओढत नाही, टाकवतही नाही.
एक पेपरमिंट उरलंय, कागदाला चिकटलेलं.
कधीकधी रात्री दोनला जाग येते,
आणि थाप पडत नाही
तोवर मी कंदील शोधत असते.