दाब, धर, सोड

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस. रात्रीचे पावणेअकरा.
स्टिल्टखाली चार घोड्यांवर उभी आहे
गोव्यात जन्मलेली, दोन सीटांची,
फायबरच्या अंगाची एक उघडी गाडी,
आणि तिच्याखाली मी,
फिजिक्सच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं व्हर्नियर मोजून रिटायर झालेली,
केसांत ग्रीस.

अंगाला गंज चढत नाही हिच्या.
तो चढतो आत, चासीला,
जिथे पाहुणे बघत नाहीत.
मागच्या दिवाळीत तो तारेच्या ब्रशने खरवडला.
फराळ शेजाऱ्यांनी दिला,
रेड ऑक्साइड मी आणलं.

आता ब्रेक. पुढच्या डिस्क मोठ्या केल्या,
कॅलिपर एका ठोकलेल्या हॅचबॅकचे,
तुर्भ्याच्या भंगारातून कय्यूमने काढून दिले.
"गाडी गेली मॅडम, हे वाचले."
आत बसलेल्यांचं मी विचारलं नाही.
ब्रॅकेट रबाळ्याला लेझरवर कापून घेतले, दोनदा.
पहिल्यांदा माझंच माप दीड मिलिमीटर चुकलं.
माझं! व्हर्नियरवालीचं!

सगळं बसलं. पेडल मात्र पोकळ.
पाय ठेवावा तर थेट तळाला,
कुणी काहीही म्हटलं तरी हो म्हणणाऱ्या माणसासारखं.
नळ्यांत हवा आहे.
हवा काढायला दोन माणसं लागतात,
एक आत पेडलवर, एक खाली पान्यावर.
मॅन्युअलमध्ये तसं सहज लिहिलंय,
जणू दुसरं माणूस टूलकिटमध्येच येतं.

मैथिली होती तोवर तिचा पाय होता,
शाळेचा बूट, घसरलेला मोजा.
आता ती एक्सेटरला.
व्हिडिओ कॉलवर पुष्कळ गोष्टी जमतात.
ही नाही.

तेवढ्यात टॉर्च.
लेंग्यातले सेक्रेटरी धारप, हातात कागद.
"तेलाचा डाग. बी-चारच्या खांबापाशी. ही तिसरी नोटीस."
गाडीखालून मला त्यांचे फक्त घोटे दिसत होते.
म्हटलं, "धारप, चप्पल काढा आणि आत बसा."
का बसले, कोण जाणे.
गुडघे स्टिअरिंगला टेकवून बसले.

मागचं डावं चाक आधी, सगळ्यात लांबचं.
"दाबा." दाबलं.
"धरा." पाना पाव फेरा फिरवला,
माशांच्या टाकीची नळी लोणच्याच्या बरणीत,
तीतून बुडबुडे, काळपट तेल.
वरून ओरडले, "अहो, खाली गेलं!"
"जाऊ द्या. पाय काढू नका."
आवळलं. "आता सोडा."
दाबा, धरा, सोडा.
मग मागचं उजवं. दाबा, धरा, सोडा.

तिसऱ्या चाकाला कधीतरी मी म्हटलं, "दाब."
जीभ दमली होती, बाकी काही नाही.
स्टिल्टखाली ट्यूबलाइट गुणगुणत होती.
पेडल दाबलं गेलं.
"धर."
धरलं.
"सोड."
किती वर्षांत कुणी त्यांना अरे म्हटलं नसेल,
असा विचार पाना आवळताना आला
आणि नट थोडा जास्तच आवळला गेला.

साडेबाराला नळीत एकही बुडबुडा नव्हता.
त्यांनी बरणी उजेडात धरली.
"इतकं काळं?"
"हवेतलं पाणी पितं ते. खाडीची हवा, लवकर बिघडतं."
त्यांनी मान हलवली. चपला शोधल्या. गेले.

पेडल आता दोन बोटं खाली जातं
आणि मग नाही म्हणतं.

सकाळी दाराला नोटीस चिकटवलेली:
'आपणांस कळविण्यात येते की
सात दिवसांच्या आत सदर डाग...'
सही, शिक्का, तारीख, सगळं रीतसर.
कोपऱ्यात ब्रेक ऑइलचा एक अंगठा.
माझ्यापेक्षा रुंद.