तिसऱ्या भागातलं हसू

परांचीवरून पडलास ते पडलास, कॅलम,
आता सहा आठवडे पाय उशीवर,
निदान बघायला तरी काही धड बघ.
तुझ्या फोनवरच्या मालिका पाहिल्यात मी.
सगळे अंधारात कुजबुजतात
आणि कुणीही कधी भांडी घासत नाही.

हे खोकं घे. काही डिस्क, बाकी टेप.
टेपचं यंत्रही आणलंय.
त्याला वरून एक थापटी मारावी लागते, उजव्या कोपऱ्यात.
डावीकडे मारलीस तर रुसतं.

सुरुवात ‘खाणीच्या तोंडाशी’ने कर.
पहिल्या दोन भागांत काही म्हणजे काही घडत नाही.
बाई बटाटे सोलते, नवरा बुटाची नाडी बांधतो,
संपाचं नाव कुणी काढत नाही.
तिसऱ्यात ती एक बटाटा कमी सोलते.
तेवढंच.
मी तेव्हा बस डेपोच्या कँटीनमध्ये होते.
दुसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत
कंडक्टर, फिटर, हिशेबनीसबाईसुद्धा
एकमेकांना विचारत होत्या:
पाहिलंस? एक कमी सोलला.

मग ‘इन्स्पेक्टर थ्वेट’. पहिले चारच बघ.
पाचव्यापासून त्याचा केसांचा टोप बदलला
आणि टोपाबरोबर अक्कलही.
खुनी कोण ते तुला दहाव्या मिनिटाला कळेल,
कळू दे.
बघायचं ते त्याच्या पाठीमागे:
आमची टॅनरी स्ट्रीट, पाडायच्या आधीची,
आणि चौथ्या घराच्या पायरीवर बसलेलं मांजर.
ते आमचं. त्याला पैसे दिले नाहीत कुणी.

एक टेप मी खोक्यातून काढून ठेवली.
नाव सांगत नाही.
तिला आम्ही पोट धरधरून हसायचो,
शेजारी राहायला आलेल्या पंजाबी कुटुंबाची गंमत होती ती,
आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तेच विनोद पुन्हा.
मला वाटायचं, बलबीरही हसतो आमच्याबरोबर.
मागच्या वर्षी परत लावली तेव्हा आठवलं,
तो कप धूत असायचा.
पाठमोरा.
एवढे कप नसायचेच कधी.

असो. चहा गार होतोय तुझा.

तळाशी आहे ती ‘मिसेस प्रिमचे भाडेकरू’.
सुमार आहे, आधीच सांगते.
दार आपटलं की अख्खी भिंत हलते,
आणि तो जाड्या भाडेकरू दर आठवड्याला
कशावर ना कशावर बसतो.
तिसऱ्या भागात पुडिंगवर बसतो. चौदावं मिनिट.
लोक हसतात, हसून थांबतात,
आणि सगळं शांत झाल्यावर
वरच्या रांगेतून एकटंच एक हसू येतं,
उचकी लागल्यासारखं, चढत जाणारं.

ती डोरीन. माझी बहीण.
तिला विनोद नेहमी पुढच्या स्टॉपवर कळायचा.
स्टुडिओची तिकिटं फुकट असायची,
मला पाळी बदलून मिळाली नाही, ती एकटी गेली,
माझा हिरवा कोट घालून.

त्या जाड्याकडे बघ त्या वेळी.
त्याला पुढचं वाक्य म्हणायचं असतं,
तोंड उघडतो, मिटतो,
भुवई किंचित वर जाते,
आणि तिचं हसून होईपर्यंत तो थांबतो.
एवढ्या सुमार मालिकेत
एवढं एकच काम त्यानं मन लावून केलंय.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत ती गेली.
फोटो आहेत, पण दात पुढे म्हणून
सगळ्यांत ओठ घट्ट मिटलेले.
आवाज म्हणशील तर हा एवढाच.

मी नाही लावत हल्ली.
घासून घासून टेप पातळ झालीय
आणि लावायच्या आधीच मला कळतं, कधी येणार.
तू लाव.
गुरुवारी लाव, शुक्रवारी लाव, मला सांगू नकोस कधी.
फक्त चौदाव्या मिनिटाला आवाज थोडा वाढव.
लीड्समधल्या या घरांच्या भिंती काही दगडी नाहीत,
एका विटेच्या आहेत,
आणि माझी खुर्ची
तुझ्या टीव्हीच्या बरोबर पलीकडे आहे.