तिसरी सीडी

कुतैसीच्या ग्रंथालयात तळघराला लागून
नकाशांच्या कपाटाशेजारी माझं टेबल.
"बुधवारी लिनक्स फुकट" असा कागद दारावर
नोदारने डकवलेला. त्यात "फुकट" फार मोठं.

लामारा आल्या त्या हातगाडी ओढत,
वर संगणक, बटाट्याच्या पोत्यात गुंडाळलेला.
म्हणाल्या, सुरू होत नाही. पण आत काही घालू नकोस.
आत वाख्तांग आहे.
मी नोदारकडे पाहिलं. नोदारने नकाशांकडे.

नवरा. शरदात गेला. मधमाश्या पाळायचा
आणि पोळ्यांच्या नोंदी ठेवायचा, एवढंच.

माझ्याकडे सीड्या अकरा.
नोदारचं मत, नवख्याला द्यावी ती सर्वांत देखणी:
तरंगत्या खिडक्या, काचेचे कोपरे.
घातली. एकशे अठ्ठावीस एमबीच्या त्या जिवाला
धाप लागली. पट्टी अर्ध्यावर बसली ती बसलीच.
लामारांचा चहा संपला.

दुसरी माझी लाडकी. चपळ,
सुईपासून पहारीपर्यंत सगळं आत.
काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ
लुकलुकत थांबून राहिली.
"हे काय विचारतंय?"
काही नाही, म्हणालो, आणि ओशाळलो.
पाच वर्षं मी या "काही नाही"शीच बोलतोय.

तिसरी आम्ही कुणाला देत नसू.
शिळ्या पालकाचा रंग, चिन्हं बिस्किटाएवढी.
पोरासोरांची, म्हणायचा नोदार.
पण तिने सगळ्यांत आधी भाषा विचारली
आणि यादीत पार खाली, गोल वळणांची,
आमची अक्षरं होती.
लामारांनी बोट थेट पडद्यावरच टेकवलं.
माऊस कशाला हवाय.

हार्डडिस्कचं चित्र उगवलं. मी समजावत होतो:
ही फक्त बघते, कशाला हात लावत नाही,
पाहुणीने उंबऱ्यातच चपला काढाव्यात
आणि पाणीही न पिता निघावं, तशी.
त्या ऐकत नव्हत्या.

पोळं चार, राणी म्हातारी.
पोळं सात, साखर द्यावी लागणार.
पोळं नऊ, लामाराला विचारणे.

"काय विचारणे?"
मलाच विचारलं त्यांनी. मला काय ठाऊक.

वीज सहाला जाते. त्या दिवशी दहा मिनिटं आधी गेली.
अंधारात नोदार काड्यापेटी चाचपडत होता,
दोनदा खुर्चीवर आपटला.
"पुसलं सगळं?"
नाही. त्यांचं आहे तसंच आहे.
सीडी तेवढी विसरली. तिला काहीच लक्षात राहत नाही.
उद्या लावाल तर पुन्हा पहिल्यापासून,
पुन्हा भाषा विचारील.
"रोज?"
रोज.
"विचारू दे," लामारा म्हणाल्या.

संगणक पोत्यात परत गेला.
सीडी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात घातली
आणि विजेची वाट न बघता
हातगाडी पायऱ्यांवरून
एकेक पायरी मोजत खाली उतरवली.
नऊपर्यंत मला ऐकू आलं.